वाटेवरच्याचा घास

या, असे जरा पुढे सरका. आमचे बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी हेच सांगायचे. मागे भिंतीला टेकून बसलेल्याला नुसती झांज ऐकू येते, कथा पुढे बसणाऱ्यांच्या वाट्याला येते, असं म्हणायचे. मला काही त्यांच्यासारखा आवाज नाही. पण जी गोष्ट सांगणार आहे ती मोठ्यानं सांगण्यासारखीही नाही. तेव्हा जवळ बसा, आणि मधे कुणी उठू नका.

"पितृपक्षात पिझ्झा खाल्ला तर माझे सासरे कावळा होऊन येतील," नलू म्हणाली, "आणि त्यांना चीज सोसायचं नाही."

शेवंता हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, म्हणून मी मनातल्या मनात नलूला आशीर्वाद देऊन टाकला.

साताऱ्यात कँपाच्या रस्त्याला तेव्हा नुकतंच एक इटालियन हॉटेल निघालं होतं. वीस-बावीस वर्षं झाली या गोष्टीला. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, खिडकीत तुळशीच्या जातीच्या कुठल्याशा झाडाच्या कुंड्या, आणि मागच्या बाजूला विटांची घुमटासारखी भट्टी. लाकडावर चालायची. आम्ही तिघी साठीच्या आसपासच्या. मारुतीच्या देवळात दर गुरुवारी कीर्तन असे, तिथे एका सतरंजीवर बसून बसून आमचं मैत्र जमलं होतं. नलू देशपांडे पोस्टमास्तरांची बायको, जिभेला हाड नसलेली. बुवा पूर्वरंगात फार रेंगाळले की ही सगळ्यांना ऐकू जाईलसं जांभई द्यायची. शेवंता घोरपडे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, लग्न न केलेली, आईला घेऊन राहणारी. आणि मी, इंदू. शाळेत मराठी शिकवत असे.

हॉटेलात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. त्या दिवसांत कोण हौसेनं बाहेर जेवायला जातं? पण शेवंताला घराबाहेर काढायला आम्हांला तीच संध्याकाळ मिळाली होती. तिची आई, गंगूबाई, महिनाभर अंथरुणाला खिळली होती. गेले काही दिवस अन्न सुटलं होतं, बोलणं बंद झालं होतं. डोळे तेवढे दाराकडे. शेवंताची चुलतभावजय रत्नमाला गावाहून आली होती, ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या वन्सं, तास-दोन तास मी बसते काकूंपाशी." म्हणून आम्ही तिला उचलून आणली.

"अंडं नाही ना कशात?" शेवंतानं विचारलं. ती माळकरी.

हॉटेलचा मालक स्वतःच वाढायला होता. केदार शिर्के, तिशीतला, हातावर पिठाचे पांढरे डाग. आधी बोटीवर स्वयंपाकी होता, मग दोन वर्षं इटलीत डोंगरातल्या एका गावी राहून आला होता.

"नाही मावशी. तुमच्यासाठी वेगळ्या पळीनं करतो. आधी पाव आणतो गरम. आज भट्टीतला पहिलाच."

"आणि ती ऑलिव्ह का काय, ती काळी बोरं नकोत बाई," नलू म्हणाली. "मागच्या वेळी नातवानं फसवून खायला घातली. अजून तोंड वाकडं आहे."

"ते तुझं आधीपासूनच आहे," मी म्हटलं.

केदार हसत आत गेला. शेवंता मात्र टेबलक्लॉथच्या चौकड्यांवरून बोट फिरवत बसली होती.

"बाजीराव आलाय गावाहून," ती म्हणाली. बाजीराव म्हणजे तिचा चुलतभाऊ. "उद्या आबांचं पान वाढायचं म्हणतो. पिंड द्यायचा. काकूचा जीव त्यांच्यात अडकलाय, म्हणून सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि आईचं कुंकू उतरवायचं. रात्रीपर्यंत मला हो की नाही सांगायचंय. भटजींना निरोप द्यायचा आहे."

"तू काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक, इंदू? मी हो म्हटलं तर मीच त्यांना मारलं असं होईल. नाही म्हटलं तर आई अशीच तिष्ठत राहील."

तुम्हांला हे सांगायला हवं. शेवंताचे वडील, दौलत घोरपडे, मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इटलीत गेले, तेव्हा शेवंता आईच्या पोटात होती. ते परत आले नाहीत. मेले अशी तारही आली नाही, बेपत्ता एवढंच कळलं. गंगूबाईंनी त्या बेपत्ता शब्दावर साठ वर्षं संसार केला. कुंकू पुसलं नाही. पितृपक्षात सगळ्या घरांतून मेलेल्यांची पानं गच्चीवर, कौलांवर जातात. या बाई नवऱ्याचं ताट वाढायच्या ते घरातच, पाटासमोर, वर झाकण घालून. जिवंत माणूस उशिरा येणार असला की ठेवतात तसं. भावकीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी समजावलं, पण पान उंबऱ्याबाहेर कधी गेलं नाही.

नलूनं आपली खुर्ची शेवंताजवळ ओढली. तेवढ्यात दिवे गेले. तेव्हा भारनियमन रोजचंच होतं, त्याचं काही नाही. पण पंखे थांबले, कोपऱ्यात चाललेलं गाणं मधेच तुटलं, आणि एकाएकी इतकं शांत झालं की भट्टीतल्या लाकडाचा आवाज ऐकू यायला लागला. बाहेर सूर्य बुडाला होता, उजेड अजून होता, पण आतपर्यंत पोचत नव्हता.

केदार एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात लाकडी पाट घेऊन आला. पाटावर पाव. मोठा, गोल, वरून तडकलेला. त्याचा वास सांगता येत नाही. चुलीवर भाकरी फुगते तेव्हाचा असतो ना, त्याच घराण्यातला.

त्यानं सुरी घेतली नाही. हातानंच पावाचा कडेचा तुकडा मोडला. तो कुणाच्या ताटात न ठेवता टेबलाच्या डाव्या कडेला, नुसत्या कापडावर, उलटा ठेवला, भाजलेली बाजू खाली. मग बोटांच्या पेरांनी पाटाच्या काठावर वाजवलं. दोन जवळ-जवळ, एक लांब.

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

कारण हे मी पाहिलेलं होतं. शेवंताच्या घरी जेवायला बसलं की गंगूबाई हेच करायच्या. पहिली भाकरी मोडायच्या, पहिला तुकडा ताटाबाहेर डाव्या हाताला, जमिनीवर, उलटा. आणि ताटाच्या काठावर पेरांनी दोन जवळ, एक लांब. वाटेवरच्याचा घास म्हणायच्या त्याला. जो कुणी या वेळी वाटेवर असेल, उपाशी असेल, त्याच्यासाठी. ही रीत त्यांच्या माहेरची नव्हती, गावातही कुणाची नव्हती. दौलत घोरपडे त्यांच्या गावच्या कीर्तनात टाळ धरायचे. त्यांनी स्वतःच काढलेली ती रीत होती, आणि तो ठेकाही त्यांच्या टाळाचा. नवरा गेल्यावर बायकोनं ती उचलली होती.

"शेवंते," नलू हळूच म्हणाली, "तू शिकवलंस याला?"

शेवंता केदारच्या हाताकडे बघत होती. "मी या हॉटेलात आजच येतेय," ती म्हणाली. मग केदारला म्हणाली, "बस इथं."

"मावशी, पिझ्झा लावायचाय."

"बस, बाळा."

दवाखान्यात पोरांना सुई टोचताना असेल तसा आवाज होता. केदार खुर्ची ओढून बसला.

"हे तू काय केलंस?"

"हे होय?" तो जरा लाजला. "रोज करतो. भट्टीतला पहिला पाव मोडला की पहिला तुकडा असा ठेवायचा. आमच्या म्हातारीला शब्द दिलाय."

"कुठली म्हातारी?"

"असुंता. मी इटलीत तिच्याच घरी माडीवर राहायचो. खाली तिची भट्टी. पाव करायला तिनंच शिकवलं मला. आख्ख्या गावात हे असं ती एकटी करायची. लोक हसायचे तिला."

"तिला कुणी शिकवलं?"

केदारनं आमच्या तिघींकडे पाहिलं. आपण काहीतरी चुकीचं केलं की काय असं त्याला वाटलं असावं.

"ती दहा वर्षांची असताना लढाई चालली होती तिकडे. एक शिपाई त्यांच्या भट्टीमागच्या खोलीत लपवला होता तिच्या आईनं. पायाला गोळी लागलेला. हिंदुस्थानी. मला वाटलं असेल कुणी पंजाबी वगैरे. त्यांची भाषा त्याला येत नव्हती, त्याची यांना नाही. हिवाळाभर होता. पाय चालत नव्हता, म्हणून बसल्या बसल्या परात घेऊन पीठ मळायचा. मळताना गायचा. आणि पाव निघाला की पहिला तुकडा असा ठेवायचा, आणि हे असं वाजवायचा. घरात खायला नसायचं तेव्हाही ठेवायचा. असुंताला राग यायचा म्हणे, तिला भूक लागलेली असायची. तर तो डोळ्यांनी खूण करायचा, बाहेर, रस्त्याकडे."

मेणबत्तीची ज्योत वाऱ्याशिवाय हलत नसते. तिथे वारा नव्हता. मी एवढंच सांगते की ती हलली.

"गळ्यात काही होतं का त्याच्या?" शेवंतानं विचारलं.

"लाकडी मणी होते. बारीक. बायकांसारखे काय घालतोस म्हणून ती चिडवायची. त्यानं हात लावू दिला नाही कधी."

नलूनं शेवंताचा हात धरला. शेवंतानं तो धरू दिला, पण तिचं लक्ष नव्हतं. आपल्या गळ्यातल्या माळेला तिनं दुसऱ्या हातानं धरलं होतं.

"मग? पुढं काय झालं त्यांचं?"

तिनं 'त्यांचं' म्हटलं ते केदारच्याही कानावर पडलं. तो सावकाश बोलायला लागला.

"बर्फ वितळायच्या आत गेला, मावशी. ताप आला. घरामागे अक्रोडाचं झाड आहे, त्याच्या खाली पुरलाय. मी पाहिलीय जागा. तेव्हा भीतीपोटी कुणाला सांगितलं नाही, आणि नंतर विचारत कुणी आलंच नाही. नाव यांना ठाऊक नव्हतं. पाहुणा म्हणायचे. त्या दिवसापासून तिच्या आईनं त्याच्यासाठी तुकडा ठेवायला सुरुवात केली, आई गेल्यावर हिनं. मी निघालो तेव्हा मला म्हणाली, तू त्याच बाजूचा आहेस. घरी गेलास की तिकडेही ठेव. तो बिचारा इथंच अडकलाय. त्याचं घर कुठं आहे ते आम्हांला कळायची सोय नाही. पण वास येईल तिकडे तो येईल."

आणि तेव्हा आतून आवाज आला.

दोन जवळ-जवळ. एक लांब.

भट्टीच्या बाजूनं आला. आम्ही चौघंही तिकडे वळलो. भट्टीच्या तोंडाशी लाल उजेड होता आणि समोर कुणी नव्हतं.

"विटा वाजतात," केदार म्हणाला. "भट्टी गार व्हायला लागली की वाजतात कधी कधी."

"पण ती पेटलेली आहे," नलू म्हणाली.

परत एकदा आवाज आला. तोच. ठेका जराही चुकला नाही. मी जन्मभर टाळ ऐकत आलेली बाई, विटेचा आवाज आणि माणसाच्या हाताचा आवाज मला वेगळा कळतो. तबलजीनं नुसतं हातोडीनं तबला ठोकला तरी कळतं, आता तो मिळवतोय आणि आता वाजवतोय. हे कुणीतरी वाजवत होतं.

माझ्या तोंडून देवाचं नाव आलं. भीतीनं आलं की कसं, मला आजही सांगता येत नाही. कीर्तनात गजर टिपेला जातो आणि बुवा एकदम हात वर करून थांबवतात, तेव्हा देवळात जी शांतता होते, तशी शांतता त्या हॉटेलात होती. फक्त बुवा कुठे दिसत नव्हते.

मग दिवे आले. पंखा फिरायला लागला, तुटलेलं गाणं पुढे चालू झालं. नलूनं काहीतरी करायचं म्हणून पावाचा घास तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली.

"याला मीठच नाही रे."

"नाही घालत, मावशी. त्या गावात पाव अळणीच करतात. मी तसाच ठेवलाय. लोक तक्रार करतात, पण मला बदलावासा वाटत नाही."

शेवंता टेबलाच्या डाव्या कडेला बघत होती. आम्हीही पाहिलं.

कापडावर पिठाची पुसट खूण होती. तुकडा नव्हता. आम्ही चौघंही भट्टीकडे वळून बसलो होतो, खरं आहे. मांजर म्हणाल, तर दारं लावलेली होती. टेबलाखाली नलूनं वाकून पाहिलं. मग तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "शेवंते, घरी चल."

केदार दारापर्यंत आला. वाकून नमस्कार केला, तेव्हा शेवंतानं त्याचे पिठाचे हात आपल्या हातांत घेतले आणि हुंगले. असं मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

रिक्षात ती एकदाच बोलली. "आईला मी सांगू कसं?"

"मी सांगते," नलू म्हणाली. "माझं तोंड वाकडं आहेच."

पण तिच्या आवाजात गंमत नव्हती, आणि शेवंताही हसली नाही. म्हणाली, "नको. त्यांची मुलगी मी आहे. मीच सांगेन. हो म्हणेन बाजीरावाला. आता मला म्हणता येईल."

घरात शिरलो तर रत्नमाला वहिनी दारातच उभी. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, संपलं. तिनं शेवंताचा दंड धरला.

"वन्सं, काकू बोलल्या."

"कधी?"

"मघाशी दिवे गेले ना, तेव्हा. मी कंदील आणायला उठले तर मागं वाजलं. बघते तर काकूंचा हात खाटेच्या काठावर. ते जेवताना वाजवायच्या ना, तसं. हात उचलायची ताकद नव्हती हो चार दिवस. मग म्हणाल्या, ताट वाढ. मी म्हटलं, तुम्हांला का? तर नाही म्हणाल्या."

आम्ही आत गेलो. गंगूबाई उशीला टेकून पडल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. महिनाभर दाराला लागलेले डोळे आता दाराकडे नव्हते. शेवंताकडे होते. शेवंता खाटेशी खाली बसली, तिनं तोंड उघडलं, पण गंगूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुजं आबा आलं हुतं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण शब्द सुटे. "जेवलं."

शेवंता हललीसुद्धा नाही.

"पाव हुता म्हनलं. अळनी हुता. पर पोट भरलं म्हनलं."

नलूनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तो पाव त्या घरात आला नव्हता. आमच्या पिशवीतही नव्हता.

"लई लांबनं चालत आलं. पाय दुखतुया म्हनलं." गंगूबाई जरा थांबल्या. "तू किती मोठी झालीस, म्हनलं. तुजं केस पांढरं झालेलं बघून हसलं."

तेव्हा शेवंता रडली. साठ वर्षांची बाई, आईच्या अंथरुणात तोंड खुपसून रडली. गंगूबाई तिला थोपटत होत्या. थोपटण्याचा ठेका तोच होता.

बऱ्याच वेळानं शेवंतानं तोंड वर केलं. "आई, बाजीराव म्हणतो, उद्या..."

"त्यास्नी पान वाड," गंगूबाई म्हणाल्या. "उंबऱ्याभाईर ठिव. गच्चीवर. आता घरात नगं."

"आणि कुंकू?"

"ऱ्हाऊ दे की. येऊन जेवून गेलेल्या मानसाचं कुंकू कुनी पुसतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी बाजीरावानं पिंड दिला. पान वाढलं, त्यात शेवंतानं केदारकडून मागवलेला अळणी पाव ठेवला. भटजींनी एकवार पाहिलं आणि पानावरून पाणी फिरवलं. पान गच्चीवर ठेवून आम्ही जिना उतरून खाली आलो, तोवर गंगूबाई गेल्या होत्या. डोळे मिटलेले, डावा हात खाटेच्या काठावर. कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं.

हे सगळं मी कुणाला पटवायला सांगत नाही. आमचे बुवा म्हणायचे की उत्तररंग संपला की श्रोत्यानं प्रश्न घेऊन उठू नये, प्रसाद घेऊन उठावं. आता बुवा नाहीत, नलू नाही. शेवंताही गेल्या चैत्रात गेली. तिचं आणि तिच्या आईवडिलांचं पान बाजीरावाची मुलं ठेवतात, त्यांची मला काळजी नाही.

पण एक राहिलंय. त्या सर्वपित्रीनंतर केदारनं असुंताला फोन केला होता, ते आम्हांला त्यानं मागून सांगितलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. मग तिनं एकच विचारलं, त्याचं नाव काय होतं? दौलत, केदार म्हणाला. तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, तिला ते पटकन जमेना. मग म्हणाली, साठ वर्षं मी एका बिननावाच्या माणसाला घास ठेवला, आता नावानं ठेवीन. त्या हिवाळ्यात ती वारली. तिला मूलबाळ नव्हतं. तिकडे आपल्यासारखा पितृपक्षही नसतो म्हणे.

म्हणून तुम्हांला जवळ बसवलं. आज घरी गेलात की पहिली पोळी, भाकरी, पाव, काय असेल ते मोडा, आणि पहिला तुकडा डाव्या हाताला उलटा ठेवा. वाजवायचं कसं ते आता तुम्हांला ठाऊक आहे. आणि ठेवताना तिचं नाव घ्या. असुंता. आपल्या जिभेला ते जरा अवघड आहे, पण तिनंही आपलं एक नाव शिकून घेतलं होतं.